दोनशे चाळीस लिटरचा जावई

रसायनशास्त्र मला शिकवू नका! बारामतीच्या कॉलेजात मी ते इतकी वर्षं शिकवतोय, की बायकोने भज्यांच्या पिठात सोडा घातला तरी माझ्या तोंडून समीकरण बाहेर पडतं. त्यामुळे यंदा अधिक महिन्यात धोंडे जेवायला अंथुर्ण्याला सासुरवाडीला गेलो आणि सासरे गेणबा तात्या कपाळाला हात लावून बसलेले दिसले, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

"काय झालं, तात्या?"

"ठिबक तुंबलंय, जावईबापू. बोअरच्या पाण्याचा क्षार बसलाय नळ्यांत. निम्मी ढोबळी मिरची माना टाकून उभी हाय. आज पाणी न्हाय पोचलं, तर उद्या उभ्या पिकावर रोटर फिरवायचा!"

"मग ॲसिड सोडा की!"

"कॅन आणून ठेवलाय. पर किती सोडायचं, त्येच कुणी नीट सांगत न्हाय."

मी सांगणार होतो! मोटारीजवळची एक नळी कापली, आतला पांढरा थर खरवडून काट्यावर तोलला आणि हिशेब मांडला. "सगळ्या नळ्यांत मिळून एक किलो चुना. त्याला दोन लिटर ॲसिड. विरघळताना कार्बन डायऑक्साइड निघणार, बरोबर दोनशे चाळीस लिटर! निळा पिंप भरून वर चार कळशा!"

"येवढा वायू जायाचा कुठं, दाजी?" मेहुणा अजित घाबरला.

"शेवटचा व्हॉल्व्ह मी हळूच उघडणार. फुस्स करून जाईल. चला, खताच्या टाकीत ओततो!"

"तुमी?" सासूबाई, म्हणजे छबूबाई, ओरडल्याच. "अधिकातला जावई म्हंजी नारायण! आहेराचा नवा झब्बा घालून ॲसिडाला हात लावताय व्हय? आधी पाटावर बसा!"

बसलो. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार! पाचव्या धोंड्याला मी विचारलं, "ओतलं का रे?"

"व्हय दाजी, कवाच!" अजित म्हणाला. त्याने मोटार चालू करून टाकीतलं सगळं नळ्यांत सोडलं, टोकं बंद ठेवली, आणि मी निवांत आडवा झालो.

दुपार कलल्यावर सगळं घर शेतात जमलं. शेजारचे भिमा आबाही बांधावर येऊन उभे राहिले. असा श्रोतृवर्ग कॉलेजात कुठला मिळायला! मी व्हॉल्व्हवर हात ठेवला.

"मंडळी, आता इथून दोनशे चाळी—"

धाड्!

व्हॉल्व्ह उडाला तो थेट लिंबाच्या झाडावर! पांढऱ्या गाळाचा फवारा माझ्या झब्ब्यावर, चष्म्यावर, उघड्या तोंडात! मागोमाग नळ्यांची टोपणं सुटली. फट्! फट्! फट्! नळ्या सापासारख्या सरींतून नाचायला लागल्या. भिमा आबा बांधामागे पालथे पडले.

"हे दोनशे चाळीस नाही!" मी थुंकत ओरडलो. "किती ओतलं?"

"दोन लिटर, दाजी!"

"आँ?" तात्या वळले. "दोन लिटर तर म्या ओतलं! म्हटलं, जावयाला उठाया नगं."

छबूबाईंनी पदर सावरला. "म्या बी ओतलं. देवाला काय कामाला लावायचं?"

सातशे वीस लिटर! एवढ्या ॲसिडने तात्यांची मिरची आता जळणार, आणि गावभर नाव माझं होणार!

"साधं पाणी सोडा! लवकर!"

अजितने नळ्या धुऊन काढल्या, टोपणं बसवली, व्हॉल्व्ह झाडावरून उतरवला. पुन्हा मोटार चालू झाली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. टप. टप. टप. पहिल्या सरीपासून शेवटच्या सरीपर्यंत एकूण एक ठिबक चालू!

तात्यांनी शेवटची नळी हातात घेऊन आरपार बघितली. आतून लख्ख! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटारीजवळ क्षार कमीच असतो, टोकाकडे खच्चून साचलेला. म्हणजे चुना तीन किलो होता! माझं गणित अचूकच होतं, फक्त तिनाने गुणायचं राहिलं होतं!

संध्याकाळी मिरचीने माना वर केल्या. तात्यांनी मला गाळासकट मिठी मारली. डोळे पुसत म्हणाले, "वाचली बघा मिरची!" खोटं कशाला सांगू, छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात भिमा आबा कपडे झटकत पुढे आले. "जावईबापू, माझं बी डाळिंब तुंबलंय की वो."

"उद्याच बघू, आबा! आधी क्षार तोलू, मग हिशेब—"

"न्हाय न्हाय, तुमी ऱ्हावा आरामात," आबा हात जोडून म्हणाले. "ओताया तेवढं ह्या तिघास्नी धाडा!"