आधी मेलेला बोल्ट दाखवा

आष्टीच्या फाट्यावर दामोदरभाऊंचं नटबोल्टचं दुकान आहे. तिथे नवा बोल्ट मागितला की ते आधी जुन्याचं प्रेत मागतात.

"मेलेला दाखवा. कसा मेला थो?"

तुटका तुकडा हातात पडला की त्यांचा चष्मा कपाळावर जातो आणि चौकशी सुरू होते. तुटण्याआधी आवाज येत होता काय? कोणत्या बाजूनं? पान्याला पाइप लावून आवळला होता काय? मग निकाल लागतो: "हा मेला नाई, याले मारला." गिऱ्हाईक कितीही घाईत असो, शवविच्छेदन झाल्याशिवाय माल मिळत नाही. नव्या बोल्टावर जुनाच नट चढवतो म्हटलं तर तेही जमत नाही. "नवी नवरी अन् बिजवर नवरा? माह्या दुकानातून नाई."

मी ट्रक घेतला तो मेव्हण्याला जळवायला. ट्रकबद्दलचं माझं ज्ञान हॉर्नपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यामुळे मागच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, मधला बोल्ट बदलायची वेळ आली तेव्हा मी दामोदरभाऊंची उलटतपासणी चुकवली आणि चंद्रपुरातून एक स्टीलचा, आरशासारखा चकचकीत बोल्ट आणला. गंजत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. मी तो कौतुकानं ड्रायव्हर श्रावणला दाखवला. श्रावण बाजूला जाऊन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. मला ते अनुमोदन वाटलं.

मग त्याच मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं, आलापल्लीला. मंडपाचे पाइप, तांदळाची पोती आणि सगळ्या गावजेवणाचे गंज-कढया माझ्या ट्रकमध्ये. दोन खेपांचा माल मी एकाच खेपेत रचला. आष्टी जवळ आली आणि ट्रक खेकड्यासारखा चालायला लागला. तोंड आलापल्लीकडे, ढुंगण तेलंगणाकडे.

श्रावण खाली शिरला. बोल्ट तुटून मागच्या चाकांचा आस मागे सरकला होता. त्यानं काढून दिलेला तुकडा मी रागारागानं झुडपात भिरकावला. खरं म्हणजे दामोदरभाऊंना तो दिसू नये, हाही हेतू होता. रखडत रखडत त्यांच्या दुकानासमोर पोचलो आणि बोल्ट हरवला म्हणून सांगितलं.

"मंग शोधून आणा," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

तिकडून मेव्हण्याचे फोनवर फोन. संध्याकाळचं लग्न, आचारी येऊन बसलेत, भात काय त्यांच्या टोपीत शिजवायचा? मी मागे चालत गेलो आणि इस्त्रीच्या झब्ब्यासकट काटेरी झुडपात रांगलो. बोल्ट उन्हात चमकला म्हणून सापडला. न गंजण्याचा एवढाच उपयोग झाला.

दामोदरभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "हा पाहुणा आहे जी. याले ओझं उचलाले काऊन लावलं? कमानीले तापवून कडक केलेलं लोखंड लागते. चमक नाई, डोक्यावरचा ताकदीचा आकडा पाहाचा असते." मग, "ओव्हरलोड होता काय?"

"छे," मी म्हणालो. त्यांनी आभाळाला टेकलेल्या कढयांकडे पाहिलं.

एक काळा, कुरूप बोल्ट, त्याचा नवा नट, सोबत कमान आसाला बांधणारे नवे यू-बोल्ट असं सगळं त्यांनी समोर उभं राहून बसवून घेतलं. मग दुकानाचं शटर ओढलं आणि पाना घेऊन केबिनमध्ये चढले. ओझ्याखाली थोडं चाललं की यू-बोल्ट सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात, आणि माझ्यावर त्यांचा भरोसा नव्हता.

सागवनातून ट्रक हॉर्न वाजवत सरळ चालू लागला तसा मला चेव आला. खोकत खोकत मी त्यांना डिवचलं, भाऊ, तुटला तो तुटला, कशानं तुटला हे कळून काय करायचंय?

त्यांनी मांडीवरचा पाना पायाशी ठेवला.

"घरवाली गेली माही," ते म्हणाले. "खोकत होती नुसती. कशानं गेली म्हणून दवाखान्यात विचारलं, तं कोणी सांगतलंच नाई. घेऊन जा म्हणले, म्या घेऊन आलो." मग म्हणाले, "लोखंड तरी सांगते."

श्रावणनं हॉर्न वाजवायचं बंद केलं. पुढे एका नाल्यापाशी दामोदरभाऊंनी गाडी थांबवायला लावली, खाली शिरून एकेक नट आवळला आणि हात पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता मांडवापर्यंत काई होत नाई," ते म्हणाले. "हा खोकला कधीपासून आहे जी?"

धुळीचा आहे, हे माझ्या अगदी जिभेवर होतं. पण त्यांचा चष्मा कपाळावर गेला होता.

"झोपल्यावर जास्त येते काय? कोणत्या कुशीवर?"

मेव्हण्याचा फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो बंद केला आणि पहिल्यांदाच त्यांना सगळं खरं खरं सांगितलं. ओव्हरलोडसकट.