सासूबाईंचा धडधाकट मिक्सर

"उद्या बघशील तू! रांग रस्त्यापर्यंत गेली नाही तर नाव बदलीन!" चक्रीसाहेबांनी बायकोला बजावलं. तसं त्यांचं नाव कचेरीने केव्हाच बदललं होतं. चक्राकार अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू न फेकता फिरती ठेवायची, हा शब्द त्यांच्या तोंडात सदैव फिरत असायचा, म्हणून चक्रीसाहेब! सरकारी दुरुस्ती केंद्र ही त्यांचीच कल्पना. बिघडलेली वस्तू फेकू नका, घेऊन या, दुरुस्तीचा निम्मा खर्च सरकार देईल. उद्घाटन नीट पार पडलं की बढती पक्की होती.

उद्घाटनाच्या दिवशी केंद्रात कारागीर होता, फीत होती, हार होते, गिऱ्हाईक मात्र औषधालाही नव्हतं. म्हणजे सकाळी लोक आले होते. पण मूळ बिल दाखवल्याशिवाय दुरुस्ती नाही, असा नियम खुद्द चक्रीसाहेबांनीच केलेला. जुन्या पंख्याचं बिल कोण जपून ठेवतो? आलेले पंखे आल्या पावली परत गेले.

आणि मोठे साहेब तासाभरात पोचणार! चक्रीसाहेबांनी घरी फोन लावला.

"अगं, बिघडलेलं काहीतरी पाठव!"

"घरातलं बिघडलेलं सकाळीच ऑफिसला गेलं," बायको म्हणाली.

शेवटी सासूबाई स्वयंपाकघरातला मिक्सर घेऊन आल्या. कारागिराने तो उघडून स्क्रू टेबलावर मांडले, तोच मोठे साहेब दारात!

"आजी, काय बिघडलंय याचं?"

"काही नाही हो, चांगला धडधाकट आहे. जावई म्हणाले आणा, आणला."

"आवाज करतो, सर!" चक्रीसाहेब घाईघाईने म्हणाले.

"आवाज तर तुम्हीही करता, जावईबापू. म्हणून तुम्हाला कुणी उघडलंय का?"

मोठे साहेब पोट धरधरून हसले. "असू दे, असू दे! आता जोडून दाखवा. फिरला की बढतीच्या कागदावर इथेच सही करतो!"

चक्रीसाहेबांचा जीव भांड्यात पडला. कारागीर मात्र हाताची घडी घालून उभा.

"मूळ बिल?"

"अरे, उघडताना नाही मागितलंस!"

"उघडणं म्हणजे तपासणी, साहेब. जोडणं म्हणजे दुरुस्ती. नियम तुमचाच आहे."

"शाब्बास! नियम म्हणजे नियम," म्हणत मोठे साहेब खुर्ची ओढून बसले. "आणा बिल."

पुन्हा फोन.

"अगं, मिक्सरचं बिल! कपाटातली फाईल घे आणि धावत ये!"

"ती फाईल? रद्दीत गेली की!"

"कुणी घातली?"

"तुम्हीच! वर मलाच तासभर ऐकवलंत, कागद कपाटात अडकवून ठेवू नये, फिरता ठेवावा!"