दुसऱ्या भागात सख्याचं काय बिघडलं

त्या रविवारी तपासनीसांनी मुलींच्या खोलीत सरबताचा ट्रे स्वतः न्यायचं ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. (नेहमीप्रमाणे बायकोने नेला असता तर ही गोष्ट सुरूच झाली नसती आणि तुमचाही वेळ वाचला असता.)

तपासनीस म्हणजे आगीचे. कारखाने, गोदामं, दवाखाने, सिनेमागृहं असं फिरायचं, आग विझवायचे लाल सिलिंडर चालतात का ते पाहायचं, जिन्यात अडगळ रचून ठेवणाऱ्यांना झापायचं आणि शेरा मारून परत यायचं, ही त्यांची नोकरी. माणूस सरळ, पण तपासायची सवय हाडीमांसी खिळलेली. सासुरवाडीला गेले तरी बसायच्या आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधायचे. (सासरे हयात होते तोवर त्यांचा याबद्दल वेगळाच समज होता.)

त्यांच्या बायकोचं एक गुपित होतं. तिने टोपणनावाने ‘सावलीचा सखा’ नावाची कादंबरी लिहिली होती. एका मुलीची आणि एका भुताची प्रेमकथा. दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, फिकट, अबोल, लांब काळ्या कोटातला हा राजबिंडा सखा धुक्यातून यायचा, नायिकेकडे नुसता बघायचा आणि निघून जायचा. एवढ्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुली वेड्या झाल्या. लिहिणारी कोण, हे फक्त नवऱ्याला आणि प्रकाशकाला ठाऊक. पोटच्या पोरीलाही पत्ता नव्हता. हे आपल्या आईने लिहिलंय असं कळलं तर ती पुस्तक चिमट्यानेसुद्धा उचलणार नाही, अशी लेखिकेची खात्री होती.

दुसरा भाग नुकताच आला होता. ‘सखा परतला’. कन्येने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तो एका दमात वाचून काढला आणि आता भरदुपारी पडदे ओढून, मेणबत्त्या लावून तिघींनी खोलीत शोकसभा भरवली होती.

तपासनीस ट्रे घेऊन दाराशी आले तेव्हा चष्मेवाल्या मैत्रिणीचं भाषण रंगात आलं होतं.

“पहिल्या भागात तो भिंतीतून यायचा गं! आता दार उघडून येतो. आणि आल्यावर कडी नीट लागली का, ते दोनदा बघतो!”

“रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत फिरतो,” उंच मैत्रीण म्हणाली. “भूत आहे ना तो? मग भुतासारखं वागायला काय होतं त्याला?”

तपासनीसांना राहवेना. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. (बायकोचं लिखाण न वाचताच आवडून घ्यायचं हा त्यांचा नियम होता आणि संसार त्यावर बरा चालला होता.) पण एका भल्या भुताची अशी विनाकारण बदनामी होताना पाहून ते आत शिरले.

“त्यात चुकलं काय त्याचं? जबाबदार भूत आहे.”

“बाबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” कन्येने पुस्तक उघडलं. “हे ऐका. सबंध पुस्तकात पहिल्यांदाच दोघं जवळ येतात.” आणि ती रडवेल्या आवाजात वाचू लागली, “‘थांब,’ सखा घोगऱ्या आवाजात म्हणाला. तिचा श्वास अडकला. त्याचा थंडगार हात तिच्या गालाजवळून पुढे गेला, आणि त्याने मेणबत्ती उचलून पडद्यापासून दोन हात लांब ठेवली.”

चष्मेवालीने उशीत तोंड खुपसलं.

“असा माणूस असतो तरी का कुठे?” उंच मैत्रीण तळमळून म्हणाली.

तपासनीस यावर काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली. “थांब,” ते म्हणाले. ट्रे त्यांनी कन्येच्या हातात दिला, पलंगाला वळसा घातला आणि खिडकीतली मेणबत्ती उचलून पडद्यापासून दोन हात लांब ठेवली.

तिघीही त्यांच्याकडे टकमक बघत होत्या.

“काका,” चष्मेवालीने हळूच विचारलं, “तुम्ही घोरता?”

“छे! घोरत नाही मी. माझा श्वास जरा मोठा आहे.”

“हेच!” दोघी मैत्रिणी एकदम किंचाळल्या. “अगदी हेच म्हणतो तो!”

ट्रे टेबलावर आदळून कन्या तरातरा स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने तिकडून आरोळी आली, “आई! तू? आणि एवढ्या मोठ्या जगात तुला बाबाच मिळाले?”

मैत्रिणी कशाबशा वाटेला लागल्यावर स्वयंपाकघरात खटला उभा राहिला. आई लेखिका निघाली हा धक्का कन्येने पचवला होता. मनातून तिला त्याचा थोडा रुबाबही वाटत होता. पण ज्याच्या नुसत्या वर्णनाने आपल्याला दोन दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं, तो पानागणिक आपला बाप होत गेला, हे तिच्याच्याने सहन होत नव्हतं.

“त्यांना घालायचं सुचलंच कसं तुला?”

“मी कुठे घातलं? ते आपले आपण आले,” बायको म्हणाली. “मी लिहायला बसले की मागे येऊन उभे. वाचायचं नाही, नुसतं आता काय झालं ते विचारायचं आणि मग सुरू. धुक्यातून आला ना, मग बूट बाहेर काढले का? कोट दोनशे वर्षांचा, त्याला कसर कशी लागली नाही? एकेका प्रश्नाला उत्तर देता देता त्या बिचाऱ्या सख्याचं हे असं झालं.”

“मग पहिल्या भागात बरा नाही झाला तसा?” तपासनीस दुखावून म्हणाले.

“पहिल्या भागाच्या वेळी होतात कुठे तुम्ही? वर्षभर बदलीच्या गावी.” बायको भांडी पुसता पुसता थांबली. “संध्याकाळी घर खायला उठायचं. तुम्ही दारात उभे आहात असं वाटायचं, वळून बघितलं की कुणी नसायचं. तेच लिहीत गेले.”

लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण इतकं गोड तपासनीसांशी कुणी बोललं नव्हतं. म्हणजे तो राजबिंडाही आपणच! त्यांनी नकळत पोट आत घेतलं. मग हळूहळू हिशेब लक्षात आला. मुली ज्याच्यावर जीव टाकत होत्या तो घरात नसलेला आपण, आणि ज्याच्या नावाने बोटं मोडत होत्या तो घरात असलेला. त्यांनी पोट सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला. तिसऱ्या भागात सखा पूर्वीसारखा होणार असेल तर ठीक, नाहीतर मालिका बंद. बायको “बरं” म्हणाली आणि फोन ठेवून कोऱ्या कागदांपुढे बसून राहिली. लिहिताना तिचा चेहरा कसा उजळायचा, ते तपासनीसांनी पाहिलं होतं. आज तो पार उतरला होता. आपण बिघडवलंय, तेव्हा आपणच निस्तरलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि गूढ व्हायला घेतलं.

आधी पहिला भाग मन लावून वाचला. मग कपाटाच्या तळातून लग्नाआधीचा काळा कोट काढला. (त्याची बटणं आणि काजं यांची या जन्मात पुन्हा गाठ पडण्यासारखी नव्हती.) आणि बायको चहा गाळत असताना ते पाय न वाजवता तिच्या मागे जाऊन उभे राहिले. डोळ्यांत दोनशे वर्षांचं दुःख आणलं होतं. बायको वळली, किंचाळली आणि गाळणं चोथ्यासकट कोटावर आलं.

“अहो, काय झालं? पोट बिघडलंय का?”

तपासनीस नुसते बघत राहिले. सखा कधी उत्तर देत नसे.

“बोला ना! छातीत दुखतंय का? अगं, धाव, बाबांची वाचा बसली!”

कन्या धावली, शेजारचे डॉक्टर धावले. तपासनीसांना ओट्याजवळच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली. तपासनीस सगळं मुकाट्याने सोसत होते. शेवटी डॉक्टरांनी औषध काढायला बॅग उघडून ओट्यावर ठेवली.

“अहो डॉक्टर, गॅस चालू आहे! बॅग उचला आधी!”

“बरे आहेत,” डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून चालते झाले.

गूढपणा आपल्याला जमणारा नाही, हे तपासनीसांना कळून चुकलं. आता एकच उपाय होता. पुढच्या सोमवारी ते साहेबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला त्या जुन्या गावी परत पाठवा. त्या गावी आपण होऊन बदली मागणारा माणूस साहेबांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

“का हो? घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे साहेब. पण हिला तिचा सखा पूर्वीसारखा हवा असेल, तर मी घरात नसलेलंच बरं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि सही केली. (पुढचे चार दिवस ऑफिसात सगळे तपासनीसांशी फार हळुवारपणे बोलत होते. त्यांना वाटलं, निरोपाचं दुःख असेल.)

निघायच्या दिवशी बायकोचे डोळे भरून आले. “कशाला जाताय? मेलं ते पुस्तक! नाही लिहिलं तर कुणाचं अडलंय?”

“तुझ्यासाठी,” तपासनीस म्हणाले. सख्याला शोभेल असं आयुष्यातलं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं. ते बिघडू नये म्हणून पुढे एक शब्दही न बोलता ते जिना उतरून गेले. दारात उभी असलेली कन्याही क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली.

बसथांब्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चष्मा टेबलावरच राहिला.

किल्लीने दार उघडून ते आत आले. बायको टेबलाशी बसली होती. गालावरचं पाणी तिने पुसलंसुद्धा नव्हतं, पण पेन सपासप चाललं होतं, एक पान भरून दुसरं सुरू झालं होतं आणि चेहरा पहिल्यासारखा उजळला होता. तपासनीसांचा ऊर भरून आला. इतकं तिचं आपल्यावर प्रेम! चष्मा, बस, बदली, सगळं विसरून ते पुढे झाले.

“अगं,” ते म्हणाले, “मी जातच नाही.”

बायकोने वरसुद्धा न बघता डाव्या हाताने चष्मा पुढे सरकवला.

“अहो, जा ना लवकर! आत्ता कुठे तुमची आठवण यायला लागली होती.”