मातीचं विरजण

गणूबा तांबट रोज सकाळी परसातल्या मातीला ताक पाजायचा. हातातला तांब्या हळूहळू कलता करत म्हणायचा, "प्या बे, प्या. लाजू नका."

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अमडापूरच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी नेमकी त्या परसावर उघडायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुत्र्याची पिल्लं असतील. वाकून पाहिलं तर नुसती जमीन.

कोणाला पाजता, म्हणून विचारलं.

"आतल्या लोकाईले," गणूबा म्हणाला. "माती म्हंजे गाव असते मास्तर. डोयाले दिसत नाही इतके बारके लोक राह्यतात तिच्यात. आमच्या घराण्यानं त्या गावावर तेजाब ओतलं."

ते खरंच होतं. आजा, बाप आणि तो स्वतः, तिघांनी तांब्याची भांडी घडवली, तेजाबात उजळली आणि ते हिरवंनिळं पाणी परसात फेकलं. त्याची बायको तिथे दर वर्षी वालाचा वेल लावायची. वेल चार पानांवर पिवळा पडून मरायचा. मग बायको गेली. गणूबाने भट्टीचं काम बंद केलं आणि एकच ध्यास धरला, त्या जागी एक वाल जगवायचा.

त्याची रीत त्याचीच. परस सगळं उजाड, पण कडेला, तांब्याच्या कचऱ्याला खेटून, थोडी हराळी तगली होती. तिच्या मुळाशी राहणाऱ्या लोकांनी तांबं पचवलंय, असं तो म्हणे. तिथली मूठभर माती काढून तो शेणखतात कालवायचा आणि परसभर पसरायचा. "दुधाले जसं विरजण, तशी मातीले माती." वर मोहरी पेरायचा. मोहरी तांबं वर ओढते, हराळी मुळात दाबून ठेवते, उरलेल्याला आतले लोक गप्प बसवतात. मोहरी हातभर झाली की उपटून माझ्या खिडकीखाली वाळत घालायचा, मग भट्टीत जाळून राख मडक्यात भरायचा आणि मडक्याचं तोंड बांधायचा. त्या वाळत्या मोहरीच्या ढिगाला हात लावू नका, असं त्याने मला दोनदा बजावलं होतं. मी हसलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी शेतीतल्या एका जाणकाराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, म्हातारा फारसा चुकत नव्हता.

आळीतल्या बायकाही हसायच्या, पण उरलेलं ताक त्याला द्यायच्या. विधुर माणूस, घरात बोलायला कोणी नाही. ताकाच्या निमित्ताने दहा दारांत उभं राहायला मिळे. प्रत्येक दारात तो मातीची तब्येत सांगे, घरात कोणी आजारी असावं तशी. "आज बरं हाये जरा. एक गांडूळ दिसलं."

समोर गोदाबाई राहायची. धनगरांच्या कळपामागे राहिलेलं एक मेंढीचं पिल्लू तिने वाढवलं होतं. ती मेंढी माझ्या दारात येऊन ओरडायची. मी तिला त्या ढिगातली मोहरी घालू लागलो, मुळांसकट, मातीसकट. फुकट वाळून जाण्यापेक्षा मुक्या जिवाच्या पोटात गेलेली बरी, असा माझा शहाणपणा. बरेच दिवस घातली. एके दिवशी मेंढीने खाणं सोडलं, तिचं मूत तांबडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी ती मेली.

तांबटाच्या परसातलं खाऊन मेली, हे आळीला लगेच कळलं. कोणी चारलं, ते कोणी विचारलं नाही. गोदाबाई त्याच्या दारात उभी राहून बोलली, "जमिनीले ताक पाजतं अन् जितराबाले इख चारतं. काऊन रे, माह्यी मेंढीच दिसली तुले?" मी खिडकीत होतो. गणूबाने एकदा वर पाहिलं. माझी नोकरी कच्ची होती, गाव परकं होतं. मी खिडकी लोटून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्याला ताक मिळेना. आत रवीचा आवाज चालू आणि बाहेर उत्तर, "आज ताक नाही." तो रिकामा तांब्या घेऊन दहा दारं फिरायचा आणि परत यायचा. मग मी दुधाचा रतीब लावला आणि रोज तांब्याभर ताक त्याला देऊ लागलो. मास्तर मोठ्या मनाचे, असं आळीत म्हणू लागले. तेही मी ऐकून घेतलं.

चार वर्षांनी माझी बदली झाली. त्या सालीच वाल कुंपणावर चढला होता, शेंगा लोंबत होत्या. "खायचा नाही हं अजून," गणूबा म्हणाला. "पाह्याचा." निघायच्या सकाळी ताकाचा तांब्या त्याच्या हातात देताना मी एकदाचं सांगून टाकलं. मेंढी मी मारली.

"मले ठाव होतं," तो म्हणाला. "ढीग तुमच्याच खिडकीखाली कमी होऊन राह्यला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचंबी दार बंद झालं असतं ना मास्तर. मंग म्या कोनासंग बोललो असतो?"

आळीत जाऊन मी हे सांगायला हवं होतं. एसटीची वेळ झाली होती, असं मी स्वतःला सांगितलं. आज हे लिहितो आहे, तर त्या आळीतलं कोणी उरलं असेल असं वाटत नाही.

वळून पाहिलं तेव्हा तो वेलाच्या मुळाशी उकिडवा बसला होता, तांब्या कलता करत.

"हळूहळू प्या बे," तो म्हणत होता. "उद्यापासून नाही."