शेजूळ काकांची बसकी गाडी

आमच्या गारखेड्यात ज्याच्याकडे गाडी आहे, तो ती उंच करून घेण्याच्या मागे असतो. गल्लीतले गतिरोधक असे आहेत, की त्यांच्यावरून जाताना माणूस आपोआप सीटवरून उठतो. अशा गल्लीत आमचे शेजारी शेजूळ काका गाडी खाली बसवायला निघाले. तेही घरच्या घरी, फाटकाच्या आत, सत्तरी ओलांडल्यावर.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा लाडका शब्द ‘तसल्लीनं’, म्हणजे सावकाश, निवांत. चहा गाळतील तसल्लीनं, भांडतील तसल्लीनं. एकदा आमच्याकडे गॅसची टाकी गळायला लागली, तेव्हाही ते दारात येऊन म्हणाले, “सर, तसल्लीनं बाहेर निघा.”

गाडी परदेशी कंपनीची. कंपनी केव्हाच देश सोडून गेली, गाडी काकांकडे राहिली. हिच्या मागच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नाही. एक पोलादी दांडा आहे, तो ओल्या धोतरासारखा पीळ खातो आणि गाडी तोलून धरतो. त्याच्या टोकांना बारीक दाते असतात. दांडा ओढून काढायचा, चाक धरून ठेवणारा लोखंडी हात एक दात फिरवायचा, दांडा परत ठोकायचा, की गाडी थोडी खाली बसते. हे सगळं काकांनी मला समजावलं. मी विचारलेलं नव्हतं.

दांडा गंजून बसला होता. काका रोज सकाळी त्यावर डिझेल सोडत, गाडीखाली आडवे होत आणि ठोकत. गल्ली वैतागली. मी एकदा वाकून म्हणालो, “काका, कॉलेजच्या पोरांसारखी गाडी करताय का?”

“व्हय सर,” गाडीखालून आवाज आला. “मग गॉगल बी घेतो.”

दांड्याची मूळ जागा कळावी म्हणून खूण करायची होती. खडू तेलात टिकेना. काकांनी घरातून कुंकवाचा करंडा आणला, कुंकू तेलात कालवलं आणि दात्यांवर रेघ ओढली. समोरच्या वहिनींनी नेमकं तेवढंच पाहिलं आणि लांबूनच हात जोडले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की शेजूळांनी गाडीची पूजा घातली, आता विकणार. एक गिऱ्हाईक येऊन चाकाला लाथ मारूनही गेलं.

मी मात्र एक गोष्ट बघत होतो. काका मधूनच घरातून एक लाकडी पाट आणि दोन विटा आणत. विटांवर पाट ठेवून तो गाडीच्या मागच्या दाराशी लावत आणि पाटापासून दाराच्या काठापर्यंतचं अंतर बोटांनी मोजत. चार बोटं भरत.

तो पाट काकूंचा होता. काकूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलेलं. त्या रोज भिंत धरून, तसाच विटांवर ठेवलेल्या त्या पाटावर पाय ठेवायचा सराव करायच्या. पाय तेवढाच उचलायचा, त्याच्या वर नाही. मध्यंतरी दवाखान्यात न्यायला आम्ही चौघांनी त्यांना उचलून गाडीत बसवलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी सांगून टाकलं, “पोत्यावानी उचलून न्यायचं असंल तर मला कुटंच नेऊ नका. माझ्या पायानं चढंन तवाच येईन.”

लासूर स्टेशन गावात त्यांची धाकटी बहीण असते. तीही अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवला, की काकू भिंत धरून पुन्हा पाटाशी जायच्या.

अखेर दांडा निघाला. काकांनी एक दात फिरवला. काकू नवं लुगडं नेसून, हातात बहिणीसाठी डबा घेऊन बाहेर आल्या. पाय उचलला, दाराच्या काठाला लागून खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. त्या घराकडे वळल्या. मला फार वाईट वाटलं.

“तसल्लीनं,” काका म्हणाले आणि पाना उचलला. “अजून एक दात हाये.”

त्या दुसऱ्या दातावर काकू चढल्या. काकांनी हात दिला नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते उभे होते. काकू आत टेकल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, “चला की आता. लई उशीर केला तुमी.”

पहिल्याच गतिरोधकावर गाडी खर्रकन घासली. पूर्वी गाडीजवळ कुणी बादली ठेवली तरी चिडणारे काका बघायलासुद्धा उतरले नाहीत.

आता त्यांची लासूरची फेरी नेहमीची झाली आहे. परवा सकाळी पुन्हा ठोकाठोक ऐकू आली. मी फाटकाशी गेलो.

“काय काका, अजून खाली?”

“नाय. एक दात वर घेतोय.”

“घासते म्हणून?”

“घासू द्या की. तिचा पाय वर जायलाय आता.” त्यांनी मला दांड्यावरची कुंकवाची रेघ दाखवली. तेलानं काळवंडली होती, पण दिसत होती. “हितवर न्यायचीय परत. तसल्लीनं.”

तेवढ्यात घरातून पाटावर पाय टेकल्याचा आवाज आला. काका ठोकायचे थांबले. उघड्या दारातून काकू दिसत होत्या, भिंत धरून उभ्या. पाटाखाली विटांवर आता फरशीचा एक तुकडा वाढला होता.