शर्टाचं तिसरं बटण

मुलाच्या शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्याच कुणीतरी लावलं होतं. आईला ते इस्त्री करताना कळलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून शिवून तिला गाठ बघून हात ओळखता यायचा, आणि ही गाठ काही तिची नव्हती. म्हणजे ऑफिसात कुणीतरी होती! आणि कार्ट्यानं चकार शब्द काढला नव्हता.

विचारलं असतं तर तो "काही नाही गं" म्हणून मोकळा झाला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एका बटणाचा दोरा हळूच कातरला. संध्याकाळी बटण जागच्या जागी! मग तिनं दोन सैल केली. दोन्ही लागून आली, तीही आधीपेक्षा नेटकी.

"हात बसतोय बयेचा," आई पुटपुटली. तिला कौतुकही वाटलं आणि हेवाही. ज्याचं झबल्यापासून सगळं आपण शिवलं, त्याला आता दुसरीची सुई चालते? पण आहे तरी कोण ही, दिसते कशी, बोलते कशी? बघितल्याशिवाय चैन पडेना. गुरुवारी तिनं त्याच्या पँटची मागची शिवण उसवली. फक्त चारच टाके हं!

दुपारी मुलगा पडलेलं पेन उचलायला वाकला आणि शिवण पार कमरेपर्यंत गेली. तीन वाजताच तो दारात हजर. त्याच्या पाठीशी फाइल आडवी धरून एक मुलगी.

"आई, ही... ऑफिसातली."

"दिसतंय. ये गं, बस." आईनं त्याला टॉवेल दिला, पँट घेतली आणि सुईदोरा थेट मुलीपुढे धरला. "घाल टाके. बघू तरी."

मुलगी दचकली. "मला नाही येत हो काकू! मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

"मग बटणं?"

"तोच लावतो, जेवणाच्या सुट्टीत. माझी ही बाहीसुद्धा त्यानंच शिवली."

आईनं बाही उलटून बघितली. सरळ, बारीक टाके. टॉवेल गुंडाळलेला मुलगा भिंतीकडे बघत होता.

"घरात कधी सुई धरली नाहीस रे!"

"तू कधी धरू दिलीस?"

आईला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. मग तिनं पँट त्याच्या अंगावर टाकली. "बस मशीनवर. आम्ही चहा घेतो."

मशीन खडखडू लागलं. चहाचा घोट घेत मुलगी म्हणाली, "पण काकू, रोज याचीच बटणं कशी हो तुटतात?"

मशीन थांबलं.

"काय सांगू तुला," आई कपात बघत म्हणाली, "हल्ली दोराच चांगला येत नाही बघ."