हसुदादांची लेन्स

पेणहून रोह्याला जाणारी एसटी वडखळला थांबली, तेव्हा एक बाई चढल्या आणि हसुदादांच्या शेजारी बसल्या. हसुदादांच्या मांडीवर दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्याच्या वरच्या टोकाला लोकरीचं टोपडं होतं. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि मग त्यांना राहवेना.

"टोपडं पार तोंडावर आलंय हो. श्वास कोंडंल बालाचा."

"नाय गो बाय," हसुदादा म्हणाले, "याला हवा नाय चालत. हवा लागली का बुरशी येते."

बाई उठल्या आणि नागोठण्यापर्यंत उभ्याने गेल्या.

मी मागच्याच सीटवर होतो. बाईंना सांगावंसं वाटलं की बाळ वगैरे काही नाही, ती कॅमेऱ्याची लेन्स आहे. लांबचे पक्षी टिपायची, हातभर लांब, पोटच्या पोरापेक्षा जास्त लाडाने जपलेली. पण हसुदादांना ओळखणारा माणूस त्यांच्या वतीने खुलासे करायच्या भानगडीत पडत नाही. एका खुलाशातून चार निघतात.

माझा पेणच्या बाजारात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, बारशी. हसुदादांचा पेणजवळच्या जोह्याला गणपतीचा कारखाना. आमच्याकडे कारखाना म्हटलं की चिमणी आणि भोंगा डोळ्यांसमोर येत नाही, पत्र्याची शेड आणि तिच्यात ओळीने बसलेले गणपती येतात. माती मळणं, साचे, रंग ही कामं घरची-दारची माणसं करत. पण मूर्तीचे डोळे रेखाटणं, ज्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, ते काम फक्त हसुदादांचं. त्यांच्या बोलीत 'ळ' नाही, त्यामुळे ते म्हणत, "डोला हाय तर देव हाय. नायतर नुसती माती." लांबलांबची गिऱ्हाइकं हसुरामचा डोळा पाहिजे म्हणून अडून बसत.

असा हा माणूस दीड-दोन वर्षांपूर्वी माझ्या स्टुडिओत आला आणि म्हणाला, "पक्ष्याच्या डोल्याचा फोटो काढायचा हाय. कंची लेन्स लागंल?"

मला वाटलं, दोन वाक्यांत काम होईल. मी सांगितलं की पक्षी जवळ येऊ देत नाही, म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लागते. एक प्रकार झूमचा, मागंपुढं होणारा. दुसरा ठाम एकाच पल्ल्याचा. तो चित्र सुंदर देतो, पण वजनाला धोंडा. तिसरी लेन्स आखूड आणि हलकी, पण तिच्यात बगळा चिमणीएवढा दिसतो.

"वजन किती?"

मी इंटरनेटवर बघून तिघींची वजनं आणि मापं सांगितली. ते मान हलवून गेले आणि आठवड्याने पोतं घेऊन परत आले. पोत्यात शाडूच्या तीन लेन्सा होत्या. माप तेच, वजन तेच. वर काळा रंग, आणि एकीवर तर हौसेने लाल पट्टीसुद्धा मारलेली.

"आठ दिस तिघींना घेऊन खारबांधावर फिरलो," ते म्हणाले. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध तो खारबांध. हसुदादांचे सगळे पक्षी तिथेच. "ही आखूड, हिच्यात दम नाय. ही मोठी, लय मोठी असामी, पन आपल्या घरात नांदायची नाय. ही मधली झूमवाली बरी. खांदा कुरकुरतो, पन बोलत नाय."

कारखान्यात आलेल्या गिऱ्हाइकांनी त्या शाडूच्या लेन्सा पाहून यंदा देवाला तोफ दिली आहे का, असं विचारलं होतं म्हणे.

मधली झूमवाली रोह्याला मिळाली. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांची पाठ आखडली होती, म्हणून त्यांना ती विकायची होती. हसुदादा मलाही घेऊन गेले; एसटीतल्या त्या प्रसंगाच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. कुंडलिकेच्या काठावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. कोणीही आधी त्यांच्यावर लेन्स रोखली असती. हसुदादांनी ती समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीवर रोखली. त्या लेन्समध्ये एक सोय असते, धरणाऱ्याचा हात हलला तरी चित्र हलू देत नाही. ते बटण चालू करून त्यांनी फोटो काढला, बंद करून काढला, पुन्हा चालू करून काढला. अक्षरं मोठी करून पाहिली. पाणकावळे कंटाळून उडून गेले तरी यांचं आपलं भिंत, भिंत, भिंत.

"थरथर चांगली धरते," शेवटी ते म्हणाले. "हीच घेऊ."

मी म्हटलं, ट्रायपॉड घेतलात तर थरथरीचा प्रश्नच नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "चिखलात रुततो तो. मी त्याला उपसत बसू का पक्षी बघू?"

मग सुरू झाला लेन्सचा संसार. खाडीकाठची हवा खारट आणि दमट. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरायला एक पावसाळा पुरतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि सांगून चूक केली होती. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या टाकून लेन्स ठेवा, असंही म्हणालो होतो. झालं. हसुदादा गावभर पुड्या मागत फिरू लागले. "नव्या चपला घेतल्या का गो? आतली पुडी फेकू नको." कोणी बॅग घेतली, कोणी पाण्याची बाटली घेतली, हे दारात उभे. त्यामुळे जोह्यात कोणाच्या घरात काय नवीन आलं हे लपायचं बंद झालं. ओल्या झालेल्या पुड्या ते मूर्ती वाळवायला लावलेल्या मोठ्या दिव्यांसमोर मांडत, गणपतींच्या रांगेत शेवटी.

खाडीवरून आले की आधी लेन्सचं पुसणं. नव्या कोऱ्या मऊ ब्रशने रेती झटकायची, मग ओलसर फडक्याने खार टिपायचा, मग कोरडं फडकं. फुंकर मारायला सक्त मनाई, कारण फुंकरीत थुंकी असते. पुढची काच जपायला वर एक साधी काच, तिला ते 'चष्मा' म्हणत. पावसासाठी जुन्या रेनकोटचा अंगरखा, थंडीसाठी दुपटं. लीलाकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला एकदा म्हणाल्या, "माज्या लग्नात एवढी कापडं नव्हती मला."

आणि धूळ! लेन्सचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बारीक धूळ, आणि हसुदादांचं घर म्हणजे शाडू घासून निघणाऱ्या धुळीचं माहेरघर. त्यावर त्यांनी नियम केला. लेन्स कारखान्यात जाणार नाही आणि कारखान्यात गेलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय लेन्सजवळ येणार नाही. नियम सगळ्यात कडक त्यांनी स्वतःच पाळला. हळूहळू ते शेडमध्ये पाऊल टाकेनासेच झाले.

गेल्या वर्षी पावसाळा निम्मा सरला आणि एका दुपारी लीलाकाकी माझ्या स्टुडिओत येऊन उभ्या राहिल्या. सोबत त्यांची सून प्रणाली. मुलगा किरण रोह्याकडे कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे घरचं बाहेरचं सगळं या दोघीच बघतात.

"तूच नादाला लावलास त्यांना," काकी बसायच्या आधीच म्हणाल्या. "शेडभर गणपती रंगवून तयार हायत. आखणी नाय. सगले देव आंधले बसलेत. गिऱ्हाइकं गाडी घेऊन यायला लागतील आनि हा मानूस बांधावर खंड्याचे फोटो काढतोय. काय विचारलं का सांगतो, कारखान्यात गेलो तर लेन्सला धूल लागते."

 प्रणाली फक्त माझ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांध गाठला. पाऊस उघडला होता. भरतीचं पाणी अडवणाऱ्या लाकडी दरवाजाला आमच्याकडे उघाडी म्हणतात. तिच्या खांबावर एक खंड्या बसला होता आणि हसुदादा अंगरखा घातलेली लेन्स त्याच्यावर रोखून बसले होते. मी बाजूला बसलो. त्यांनी श्वास सोडला आणि फोटो काढला, आणि मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. चौकटभर नुसता डोळा. काळाभोर, त्यात सकाळच्या उजेडाचा एक ठिपका. सुईने टोचल्यासारखा स्वच्छ.

"सुरेख," मी म्हणालो. "पण दादा, घरी देव बिनडोळ्यांचे बसलेत."

 ते लेन्सचं झाकण बसवायला लागले. झाकण काठावर नुसतं खडखड, खडखड वाजत राहिलं, बसेना. मी हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. तिसऱ्या खेपेला ते बसलं. मग त्यांनी उजवा पंजा माझ्यासमोर धरला. वाऱ्यावर केळीचं पान हलावं तसा तो हलत होता.

"एरवी नाय होत," ते म्हणाले. "बारीक काम हाती घेतलं का चालू. पेनचा डॉक्टर बोलला, वयाचं हाय, घाबरू नको. मी नाय घाबरत. पन ब्रश घाबरतो. गेल्या सालीच एका मूर्तीचा डोला पार नाकाकडं गेला. कोनी बघायच्या आत पुसला."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? चालीस वर्सं हसुरामचा डोला, हसुरामचा डोला. डोला गेला तर मागं हसुराम कोन उरला?" त्यांनी लेन्सवर पंजा ठेवला. "हिच्यातनं बघतो तवा हात हलत नाय. हलतो, पन दिसत नाय. तेवढा येल वाटतं, अजून जमतंय."

समोर खंड्याने सूर मारला. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. वाटेत ठरवलं होतं की काकींना मी सांगेन. पण शेडच्या दारातच प्रणाली उभी होती आणि हसुदादांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, मला ठाऊक हाय. पुसलेला डोला मी बघितला होता. रंगाचा डाग तुमच्या बाहीला होता."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही बोलत नव्हते म्हनून."

काकी खाली बसल्या.  मग प्रणाली म्हणाली, "मी मेंदी काढते. नवरीच्या बोटावर जाई काढते, पाकली हलत नाय. मला बघू द्या ना एकदा."

हसुदादांनी कोपऱ्यातली एक तडकलेली मूर्ती पुढे ओढली. प्रणालीने डोळे काढले. रेषा नितळ, दोन्ही बाजू सारख्या. मला तर छान वाटले. हसुदादांनी बराच वेळ पाहिलं.

"हात चांगला हाय," ते म्हणाले. "पन हा डोला नुसता उघडा हाय. बघत नाय."

प्रणालीचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. पण हसुदादा म्हणाले, "उद्या सकाली माज्यासंगं बांधावर चल."

ती गेली. मला हे नंतर तिनेच सांगितलं. त्यांनी लेन्स तिच्या हातात दिली, जी आजवर सख्ख्या मुलाच्या हातात दिली नव्हती, आणि मागून विचारत राहिले. खंड्या कुठं बघतो? पाण्यात. कशावरनं? तिला सांगता येईना. परत बघ. बगळा कुठं बघतो? घार? ती म्हणाली, उजेडाचा ठिपका प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळ्या जागी आहे. तेव्हा हसुदादा पहिल्यांदा हसले म्हणे. "तो ठिपका जागेवर पडला का डोला बघायला लागतो. आपला देव वर नाय बघत, लांब नाय बघत. पाटासमोर बसलेल्या मानसाकडं बघतो. तिथं ठेव."

त्या दिवसापासून हसुदादा पुन्हा शेडमध्ये दिसू लागले. स्टुलावर बसून ते सांगत आणि प्रणाली रेखाटत. "जरा वर. थांब. श्वास सोड. हां, आता." चुकलं की पुसायचं, पुन्हा काढायचं. काकी शेजारी रंग कालवून देत आणि दोघांवर ओरडत. शेडमधले देव एकेक करून बघायला लागले.

गिऱ्हाइकं यायला लागली त्या सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. पहिली गाडी रोह्याच्या एका म्हाताऱ्या अण्णांची, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी मूर्तीवरचं प्लास्टिक बाजूला केलं, वाकून पाहिलं, मागे सरून पाहिलं.

"हसुराम, यंदा डोळे वेगळे वाटतात रे."

शेडमधलं काम थांबलं. प्रणालीने ब्रश खाली ठेवला.  हसुदादा स्टुलावरून उठले.

"वेगले हायत," ते म्हणाले. "माज्या सुनंचे हायत. या सालापासून आमच्याकडची आखनी तिची."

अण्णा परत मूर्तीसमोर गेले. यावेळी खाली उकिडवे बसले, पाटासमोर बसतात तसे.  मग हात जोडले.

"माझ्याकडेच बघतोय," ते म्हणाले, आणि गाडीवाल्याला हाक मारली, "अरे, नीट उचला."

गाडी गेल्यावर हसुदादा माझ्याजवळ आले. डोळ्यांत धूळ गेल्यासारखे ते पापण्या मिटत होते. प्रणालीने तोवर दुसरी मूर्ती पुढे घेतली होती आणि ब्रश टेकवायला वाकली होती.

"एक फोटो काढ," ते हळूच म्हणाले. "तिच्या हाताचा. काम चालू असताना."

मी बॅग उघडली. "कुठली लेन्स लावू, दादा?"

"जवलची लाव रे," हसुदादा म्हणाले. "ती काय उडून चाललीय?"